अर्ज जातो, पण बोलावणे येत नाही: गोव्यात नोकरी शोधणाऱ्यांसाठी

पन्नास ठिकाणी बायोडाटा पाठवला, एकाही ठिकाणाहून फोन नाही, ही तक्रार निकाल लागून दोन-तीन महिने उलटले की पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकू येते. घरून सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा एकच: आणखी पाठव. पण ज्या कारणाने पन्नास अर्ज अडले, त्याच कारणाने पुढचे पन्नासही अडणार. म्हणून आधी अर्ज नेमका कुठे अडतो ते शोधायचे आणि तेवढेच दुरुस्त करायचे.

आधी एक वही करा

मोबाइलवरची एक्सेल शीट चालेल, साधी वहीसुद्धा चालेल. प्रत्येक अर्जासाठी एक ओळ: तारीख, कंपनी, पद, जाहिरात कुठे पाहिली, कोणता बायोडाटा पाठवला, कुणाला पाठवला, पुढे काय झाले. पंधरा-वीस ओळी भरल्या की चित्र दिसू लागते.

कुठूनच काही हालचाल नसेल, तर चूक पद निवडण्यात आहे किंवा बायोडाटात. नोकरीच्या पोर्टलवर 'अर्ज पाहिला' असे दिसते पण फोन येत नाही, तेव्हा संशय सरळ बायोडाटावर घ्यावा. फोन येतो, दोन-तीन मिनिटे बोलणे होते आणि तिथेच थांबते, तर बायोडाटा ठीक आहे; पगार, रुजू होण्याची तारीख किंवा राहण्याचे ठिकाण यांवर गाडी अडते आहे. या तीन अवस्थांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. फोनवर अडणाऱ्याने बायोडाटाचे डिझाइन बदलत बसून काहीच होत नाही.

जाहिरात पेन घेऊन वाचा

समजा वेर्ण्याच्या औषध कंपनीची जाहिरात आहे: क्यूसी (गुणवत्ता तपासणी) केमिस्ट, बीएस्सी किंवा एमएस्सी रसायनशास्त्र, १ ते ३ वर्षे अनुभव, एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) काम केलेले असावे, तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी. कागदाच्या डाव्या बाजूला या अटी एकेक करून लिहा. उजव्या बाजूला प्रत्येकीसमोर आपल्याकडे काय आहे ते लिहा. उजवीकडे जिथे रिकामे राहते, तिथे तुमचा अर्ज बाजूला पडतो.

सगळ्या अटींचे वजन सारखे नसते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. वरच्या जाहिरातीत खरी चाळणी एचपीएलसीची आहे. दीड वर्षाचा अनुभव असलेला आणि ते यंत्र रोज हाताळणारा उमेदवार त्यांना हवा असतो. एमएस्सी पहिल्या वर्गात, पण यंत्राला हात लावलेला नाही, असा अर्ज मागे पडतो. उलट जाहिरातीत 'दोन वर्षे' म्हटले आणि तुमच्याकडे दीड वर्ष असेल, तर खाजगी कंपनीत जरूर अर्ज करा. पाच वर्षे मागितली आणि तुम्ही कालच पदवीधर झालात, तर तो वेळ दुसऱ्या अर्जाला द्या.

अनुभव नसलेल्यांनी 'ट्रेनी', 'अप्रेंटिस' किंवा 'फ्रेशर' हे शब्द असलेल्या जाहिराती आधी शोधाव्यात. आयटीआय, डिप्लोमा आणि पदवी, तिन्हींसाठी अप्रेंटिसशिप असते आणि तिची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. विद्यावेतन पूर्ण पगाराएवढे नसते, म्हणून घरचे नाक मुरडतात. पण वर्षभर वेर्णा, कुंडई किंवा मडकईच्या कारखान्यात काम केल्याचा कागद हातात असला की पुढच्या जाहिरातीतली 'एक वर्ष अनुभव' ही अट पुरी होते. आमच्या मते नवख्याला पहिल्या वर्षी यापेक्षा चांगला सौदा क्वचितच मिळतो.

बायोडाटा: त्यात मजकूर काय हवा

एचआरमधला (भरती पाहणाऱ्या विभागातला) माणूस पहिल्या नजरेत एक बायोडाटा काही सेकंदच पाहतो. तेवढ्या वेळात त्याला तीन गोष्टी सापडल्या पाहिजेत: हा माणूस कोणते काम करतो, किती काळ केले आहे, आणि राहतो कुठे. या तिन्ही पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात आल्या पाहिजेत.

वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची, छंद आणि शेवटची 'वरील माहिती सत्य आहे' ही प्रतिज्ञा खाजगी नोकरीच्या बायोडाटातून काढून टाका. 'एका नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा विकास साधणे' असे उद्दिष्टही काढा. ते प्रत्येकाच्या बायोडाटात असते आणि कुणी वाचत नाही. नवख्याला एक पान पुरे. आठ-दहा वर्षे काम केलेल्याला दोन.

बहुतेक अर्ज मारले जातात ते अनुभवाच्या ओळींत. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी म्हापशाच्या एखाद्या दुकानात दोन वर्षे काम केलेली मुलगी सहसा लिहिते: 'अकाउंट्सचे सर्व काम पाहिले.' या ओळीतून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. तिने रोज काय केले ते तिला विचारले तर ती सांगते की टॅलीत खरेदी-विक्रीची बिले चढवत होते, महिन्याच्या शेवटी बँकेचे स्टेटमेंट जुळवत होते, जीएसटीचे आकडे काढून सीएला देत होते. मग तेच लिहायचे:

'टॅली प्राइममध्ये रोज सुमारे ४० खरेदी-विक्री व्हाउचरची नोंद. दरमहा २ बँक खात्यांचे रिकन्सिलिएशन. जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी यांसाठी आकडे तयार करून सीएकडे वेळेत देणे. ई-वे बिल तयार करणे.'

काम तेच, मुलगी तीच. पण आता वाचणाऱ्याला कळते की हिला उद्यापासून खुर्चीवर बसवता येईल. आकडा खरा असू द्या. ४० च्या जागी २०० लिहिले, तर मुलाखतीत 'एवढी बिले कशाची?' हा पहिलाच प्रश्न येतो आणि तिथे सारवासारव चालत नाही.

हॉटेलच्या फ्रंट ऑफिससाठी 'पाहुण्यांचे स्वागत केले' याऐवजी किती खोल्यांचे हॉटेल, कोणते सॉफ्टवेअर वापरले, नाइट ऑडिट (दिवसभराचा हिशेब रात्री जुळवणे) केले का, परदेशी पाहुणे आल्याची माहिती सरकारला २४ तासांच्या आत देण्याचे (सी-फॉर्मचे) काम तुमच्याकडे होते का, हे लिहा. नुकतेच कॉलेज सोडलेल्या बीएस्सीवाल्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, हाताळलेली उपकरणे आणि केलेल्या चाचण्या नावानिशी लिहाव्यात: टायट्रेशन, पीएच मीटर, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर. कारखाना भेटीसाठी एक दिवस गेला असाल, तर तो 'औद्योगिक प्रशिक्षण' म्हणून दाखवू नका, पकडले जाते.

पुढे गोव्यापुरत्या दोन गोष्टी. पत्ता म्हणजे घर क्रमांकासह पाच ओळींचा पत्ता नको. गाव आणि तालुका पुरे. पण गाव दूर असेल तर त्याच ओळीत उपाय लिहा. पहाटे ६ च्या पाळीला वाळपईहून वेर्ण्याला कदंबच्या सरकारी बसने पोचणे किती अवघड आहे हे एचआरला ठाऊक असते, आणि तेवढ्या एका शंकेवर तो अर्ज बाजूला ठेवतो. 'स्वतःची दुचाकी आणि लायसन्स आहे', 'मडगावात खोली घेऊन राहण्याची तयारी' किंवा 'कंपनीच्या बसच्या मार्गावर राहतो', यांपैकी जे खरे असेल ते लिहिले की शंका मिटते. दुसरी गोष्ट भाषांची. कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी या चारही भाषा येतात म्हणून आपण त्या गृहीत धरतो. हॉटेल, रुग्णालय, बँक, दुकान, सगळीकडे ही जमेची बाजू आहे. कोणती बोलता येते आणि कोणती लिहिता-वाचता येते, ते एका ओळीत नोंदवा.

खाजगी कंपनीला बायोडाटा बहुधा इंग्रजीतच जातो. मराठी किंवा कोकणी माध्यमातून शिकलेल्यांनी त्यात अवघड शब्द भरू नयेत. छोटी, सरळ वाक्ये ठेवावीत आणि इंग्रजी चांगले असलेल्या एका माणसाकडून वाचून घ्यावे. सायबर कॅफेवाल्याने दुसऱ्या कुणाच्या फाइलवरून तयार केलेला बायोडाटा वापरत असाल, तर एकेक ओळ तपासा. त्यात आधीच्या माणसाचे एखादे कौशल्य राहून गेलेले असते.

फाइल उघडते का?

मोठ्या कंपन्या आणि पोर्टल आधी सॉफ्टवेअरने बायोडाटा वाचतात. दोन रकाने, टेक्स्ट बॉक्स, आयकॉन, कौशल्यासमोर रंगीत पट्ट्या असे सजवलेले नमुने दिसायला छान असतात, पण त्यांतला मजकूर सॉफ्टवेअरला अनेकदा उलटसुलट मिळतो. तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, फोन, अनुभव, शिक्षण याच क्रमाने नीट आले तर फाइल ठीक. कॉलेजचे नाव कौशल्यांच्या मधोमध घुसले असेल किंवा पान कोरे आले, तर साध्या एका रकान्यात बायोडाटा नव्याने टाइप करा.

छापील बायोडाटाचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नये. तो मजकूर शोधात सापडत नाही. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवली आणि परवानगी बंद राहिली, तर समोरच्याला 'प्रवेश मागा' एवढेच दिसते आणि तो मागत नाही. पीडीएफ थेट जोडा, आकार १ एमबीच्या आत ठेवा, आणि फाइलला स्वतःचे नाव व पद द्या. 'न्यू बायोडाटा फायनल २' या नावाच्या फाइली एचआरच्या संगणकावर आधीच ढीगभर पडलेल्या असतात. त्यात तुमची हरवते.

ईमेल

विषयाच्या ओळीत पद, जाहिरातीतला संदर्भ क्रमांक असल्यास तो, आणि अनुभव. उदाहरणार्थ: 'अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज, २ वर्षे अनुभव, म्हापसा'. मजकूर कोरा ठेवून नुसती फाइल जोडणे ही फार मोठी चूक आहे. अशी मेल स्पॅममध्येही जाऊ शकते. चार ओळी पुरतात. अशा अर्थाच्या:

'अमुक तारखेच्या वृत्तपत्रातील जाहिरात पाहून अर्ज करत आहे. मी बीकॉम असून म्हापशातील घाऊक दुकानात २ वर्षे टॅली, जीएसटी आणि बँक रिकन्सिलिएशनचे काम केले आहे. सध्या १५ दिवसांच्या पूर्वसूचनेवर रुजू होऊ शकते. बायोडाटा जोडला आहे. संपर्क क्रमांक खाली दिला आहे.'

एकाच मेलमध्ये वीस कंपन्यांचे पत्ते टाकू नका. ज्याला ती मिळते त्याला इतर एकोणीस दिसतात. ईमेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. शाळेत असताना गंमत म्हणून काढलेला पत्ता असेल तर नवा काढायला पाच मिनिटे लागतात.

कधी पाठवायचा

जाहिरात दिसल्यावर दोन-तीन दिवसांत अर्ज गेला पाहिजे. पुरेसे अर्ज आले की पुढचे उघडले जात नाहीत, शेवटची तारीख काहीही असो. पोर्टलवर एचआर 'अलीकडे सक्रिय' अशी चाळणी लावतो. म्हणून प्रोफाइल आठवड्यातून एकदा उघडा आणि काहीतरी खरोखर अद्ययावत करा.

हॉटेल-रेस्टॉरंटचे वेळापत्रक पर्यटनाच्या हंगामावर चालते. ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो, म्हणून भरती ऑगस्ट-सप्टेंबरात जोरात असते. डिसेंबरात पाठवलेला अर्ज कामाच्या धांदलीत पडून राहतो आणि एप्रिल-मेमध्ये तर अनेक ठिकाणी माणसे कमी करायला सुरुवात झालेली असते. त्या काळात कारखाने, रुग्णालये, शाळा यांकडे वळावे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आहे. विमानतळावरची बरीच कामे विमान कंपन्या, ग्राउंड हँडलिंग, सुरक्षा, सफाई, दुकाने अशा निरनिराळ्या संस्थांकडे असतात. 'विमानतळावर नोकरी' म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून थांबणारे म्हणूनच वाट पाहत राहतात. कोणते काम कोणत्या संस्थेकडे आहे ते शोधून तिच्याकडे अर्ज करा.

गोव्यात अजूनही बऱ्याच जागा थेट मुलाखतीने भरतात. स्थानिक मराठी आणि इंग्रजी दैनिकांत त्यांच्या जाहिराती येतात. जाताना बायोडाटाच्या ३ प्रती, मूळ गुणपत्रिका, त्यांच्या झेरॉक्सचा एक संच, २ फोटो आणि आधार कार्ड घ्या, आणि दिलेल्या वेळेच्या सुरुवातीला पोचा.

फोन आला होता, पण...

निवड होऊनही संधी हुकते ती इथे. कंपन्यांचे फोन अनेकदा ०८३२ ने सुरू होणाऱ्या लँडलाइनवरून येतात. अनोळखी नंबर आपोआप बंद करणारे ॲप मोबाइलवर असेल, तर तो फोन वाजतच नाही. अर्ज चालू असतील तेवढे दिवस ते बंद ठेवा. सत्तरी, सांगे, काणकोण भागांतल्या ज्या वाड्यांवर रेंज नीट मिळत नाही, तिथल्यांनी बायोडाटात घरच्या दुसऱ्या माणसाचा, वेगळ्या कंपनीचा नंबरही द्यावा आणि त्या माणसाला सांगून ठेवावे. मिस्ड कॉल दिसला तर त्याच दिवशी उलट फोन करा. ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज पाहा.

पहिल्या फोनवर विचारतात ते ठरलेले: सध्या काय करता, पगार किती, अपेक्षा किती, कधी येऊ शकाल, राहता कुठे. 'तुम्ही द्याल तो' हे उत्तर नम्र वाटते, पण समोरच्याला तिथे आकडा लिहायचा असतो. आधी ओळखीच्यांकडून त्या पदाचा चालू पगार विचारून घ्या आणि एक पट्टा सांगा. सीटीसी (कंपनीला तुमच्यासाठी येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांत घोळ करू नका. सीटीसीमध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो. शिवाय तुमच्या मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ कापला जातो. हातात १८ हजार हवे असताना सीटीसी १८ हजार सांगितली, तर नंतर दोघांचाही वेळ जातो.

सरकारी अर्जाचे नियम निराळे

इथे 'जवळपास बसतो' चालत नाही. वय, पात्रता आणि अनुभव जाहिरातीत दिलेल्या तारखेला पूर्ण असावे लागतात. एक दिवस कमी पडला तरी अर्ज छाननीतच बाद होतो. राजपत्रित पदे गोवा लोकसेवा आयोगाकडून भरली जातात. गट 'क' पदांसाठी २०१९ च्या कायद्याने गोवा कर्मचारी निवड आयोग स्थापन झाला असून त्याच्या परीक्षा संगणकावर होतात.

राज्य सरकारच्या पदांना साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तो मामलेदार कचेरीतून मिळतो. जाहिरात आल्यावर धावपळ करू नका; दाखल्याला लागणारे दिवस आणि अर्जाची मुदत यांचा मेळ बसत नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची नोंदणी चालू आहे का, नूतनीकरणाची तारीख उलटली तर नाही ना, ते आताच पाहून घ्या. कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट, अशी अट असते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, आणि ओबीसी असल्यास नॉन-क्रीमी लेयरचा वैध दाखला, दोन्ही अपलोड झाले पाहिजेत. अर्जात 'आहे' लिहून फाइल जोडायची राहिली, तर तो नसल्यातच जमा.

गोव्यात आणखी एक अडचण वारंवार येते: नावातला फरक. जन्म दाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. आडनाव एकीकडे पोर्तुगीज वळणाने लिहिलेले, दुसरीकडे साध्या इंग्रजी स्पेलिंगने. कुठे वडिलांचे नाव मधे, कुठे गायब. नाव आणि आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची प्रक्रिया वेळ खाते. सगळे कागद आज एका टेबलावर मांडून नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा. फरक सापडला तर दुरुस्ती आताच सुरू करा. कागदपत्र पडताळणीच्या आदल्या दिवशी हे जमत नाही.

पैसे मागितले तर

मुलाखतीसाठी, नोंदणीसाठी, गणवेशासाठी आगाऊ पैसे मागणारी 'कंपनी' कंपनी नसते. जहाजावरच्या नोकरीसाठी एजंटकडे जाणाऱ्यांनी त्याच्याकडे डीजी शिपिंगचा (जहाजवाहतुकीवर देखरेख करणारे केंद्राचे कार्यालय) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का, हे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे. परदेशातल्या जमिनीवरच्या नोकरीसाठी हीच तपासणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर होते. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊन येऊ नका.

पाठपुरावा आणि पुन्हा अर्ज

अर्ज पाठवून ७ ते १० दिवसांत उत्तर नसेल, तर त्याच मेलवर दोन ओळींचे स्मरण पाठवा. एकदाच. रोज फोन करणाऱ्याचे नाव लक्षात राहते, पण चुकीच्या कारणासाठी. त्या कंपनीत गावचे किंवा कॉलेजचे कुणी काम करत असेल, तर 'नोकरी लावून दे' म्हणण्यापेक्षा दोनच गोष्टी विचारा: जागा अजून रिकामी आहे का, आणि त्यांच्यामार्फत बायोडाटा पाठवण्याची कंपनीत सोय आहे का. बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला अर्ज वेगळ्या वाटेने थेट एचआरपर्यंत जातो. काही जागा आतल्याच माणसासाठी ठरलेल्या असतात आणि जाहिरात नियम म्हणून दिलेली असते; तेही अशा ओळखीतून कळते आणि वाट पाहण्याचे दिवस वाचतात.

एका कंपनीने घेतले नाही म्हणून तिचे नाव कायमचे खोडू नका. साधारण सहा महिन्यांनी तिथे पुन्हा अर्ज करता येतो, मात्र बायोडाटात मधल्या काळात काहीतरी नवे जमा झालेले हवे: एक अप्रेंटिसशिप, टॅलीचा पूर्ण केलेला कोर्स, एखादे नवे यंत्र हाताळल्याचा अनुभव. ती नवी ओळ ईमेलच्या पहिल्या वाक्यातच घाला.